कमानीचं देणं

ऋण माणसांचं असतं, असं आपण धरून चालतो. आईवडिलांचं, गुरुजींचं, अडीनडीला धावून आलेल्या मित्राचं. माझ्या यादीत एक इमारतही आहे. पुण्यात संगमाजवळ, शिवाजीनगर स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर, करड्या-काळ्या दगडाची, टोकदार कमानींची. इंजिनिअरिंग कॉलेजची मुख्य इमारत. सगळे सीओईपी म्हणतात ती.

मी ओतकामातला माणूस. भोसरीच्या एमआयडीसीत वाळू, कोक आणि वितळलेलं लोखंड यांत माझा जन्म गेला. दीडशेहून अधिक वर्षं जुन्या दगडी इमारतीचं आणि तुझं काय देणंघेणं, असं कोणी विचारलं की उत्तर लांबतं. कारण त्या उत्तरात चिंचवडच्या चाळीतल्या एक आजी येतात, कॉलेजच्या ओतशाळेतले मामा येतात, आणि वाट वाकडी करून जोतिराव फुलेही येतात. तेव्हा एकदा सगळा जमाखर्च मांडूनच टाकतो.

सुरुवात आजींपासून करायला हवी, कारण त्या नसत्या तर मी त्या कमानीखाली पोचलोच नसतो.

माझे वडील सातारा जिल्ह्यातून पिंपरीला आले ते नोकरीच्या आशेनं. १९५० च्या दशकात पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली होती. पुढच्या दशकात आकुर्डीला बजाज आली, टेल्को आली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि बघता बघता भोसरी-चिंचवडच्या जोंधळ्याच्या रानात कंपन्यांच्या भिंती चढल्या. बाहेरगावाहून आलेला कामगार ज्या खोलीत बिऱ्हाड थाटायचा, ती खोली पुष्कळदा अशा घराची असायची ज्यांचं शेत कुठल्या तरी कंपनीखाली गेलेलं होतं. आमचंही तसंच होतं. आमच्या मालकांची बागाईत संपादनात गेली. हाती आलेल्या पैशात त्यांनी उरलेल्या तुकड्यावर पत्र्याची चाळ बांधली. मालक लवकर गेले. मग चाळ, भाडं, पाण्याची भांडणं, सगळं आजी बघत. त्यांचं माहेर चाकणच्या बाजूला, निघोज्याकडचं. तिकडून दर हंगामाला कांद्याची पोती यायची आणि भाडेकरूंच्या प्रत्येक दारात सूपभर कांदा पोचायचा. भाडं मात्र पाच तारखेच्या आत. त्यात सूट नाही.

मी बारावीला असताना वडिलांच्या कंपनीत टाळेबंदी झाली. ती महिनोन्‌महिने चालली. भाडं थकलं. त्याच उन्हाळ्यात माझा निकाल लागला आणि सीओईपीला मेटलर्जीत प्रवेश मिळाला. सरकारी कॉलेज, त्यामुळे फी आवाक्यातली. पण ड्रॉइंग बोर्ड, मिनी ड्राफ्टर, वर्कशॉपचा एप्रन, पुस्तकं, लोकलचा पास हे सगळं एकदम दारात उभं राहिलं. थोडे पैसे जमवून वडील आजींकडे गेले, निदान एका महिन्याचं भाडं चुकतं करावं म्हणून. आजींनी पैसे हातात घेतले नाहीत.

"पोराचं आधी बघा. भाड्याचं काय एवढं? खोली कुठं पळून चालली न्हाय."

"पण आजी, किती महिने झाले..."

"मोजतीय मी. तुम्ही नका मोजू."

आणि खरोखरच त्या मोजत होत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आमच्या नावानं महिन्याला एक फुली पडत होती. टाळेबंदी उठून गाडी रुळावर येईपर्यंत त्या फुल्या वाढत गेल्या, पण आजींनी त्यांचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली होती. तिच्यामुळे आमच्यासारख्यांना पुण्याचं कॉलेज घरचं झालं. चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी, खडकी, शिवाजीनगर. सकाळच्या गाडीत अर्धे लोक रात्रपाळी उरकून डुलक्या घेत असत आणि उरलेले डबा मांडीवर धरून पहिल्या पाळीला निघालेले असत. त्यांच्यात माझा ड्रॉइंग बोर्ड सगळ्यांना अडचणीचा व्हायचा, पण कोणी कटकट केली नाही. "इंजिनेर आहे रे, जागा द्या," असं म्हणून सरकून बसायचे.

इमारत लांबून बघितली की पहिल्यांदा दबकायलाच होतं. चाळीत वाढलेल्या मुलाला एवढा दगड एका जागी बघायची सवय नव्हती. वरच्या वर्गातल्या मुलांनी आम्हाला सांगितलेला इतिहास म्हणजे विश्वेश्वरय्या इथे शिकले एवढाच. ते खरंच आहे. १८८३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इथून पहिल्या क्रमांकानं बाहेर पडले आणि पुढे खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपोआप उघडणारी दारं बसवली. पण इमारतीची स्वतःची गोष्ट त्याआधीची आहे.

कॉलेजचं मूळ १८५४ सालचं. भवानी पेठेत इंजिनिअरिंगचा वर्ग आणि मेकॅनिकल स्कूल निघालं, ते सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती म्हणून. रस्ते, पूल, कालवे यांची कामं निघत होती. १८५८ साली रेल्वे पुण्याला पोचली. साहेब विलायतेहून आणता येत होता, पण जागेवर उभा राहून मोजमाप घेणारा, मजुरांकडून काम करून घेणारा माणूस इथलाच लागत होता. ती गरज वाढत गेली आणि १८६५ मध्ये शाळेचं सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेज झालं. ५ ऑगस्ट १८६५ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी नव्या इमारतीचा पाया घातला. नकाशे हॉवर्ड नावाच्या वास्तुकाराचे. मुंबईचे दानशूर पारशी सर कावसजी जहांगीर रेडिमनी यांनी देणगी दिली. प्राचार्य म्हणून थिओडोर कुक आले आणि पुढची पंचवीसहून जास्त वर्षं इथेच राहिले. रेल्वेवर काम केलेला हा आयरिश इंजिनिअर फावल्या वेळात झाडं गोळा करत असे. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ वनस्पतीशास्त्राचे अभ्यासक आजही उघडतात.

फ्रियरसाहेबांचा काळ पुण्यात दगडी बांधकामांचा होता. १८६४ मध्ये येरवड्याला डेक्कन कॉलेजचा पाया पडला. त्याच सुमारास गणेशखिंडीत गव्हर्नरचा बंगला सुरू झाला, आजची पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. संगमावरचं कॉलेज त्या रांगेतलंच. विलायतेत तेव्हा सार्वजनिक इमारत म्हटली की गॉथिक, असं समीकरण जमत चाललं होतं. मुंबईच्या व्हीटी स्टेशनाचं काम सुरू व्हायला अजून तेरा वर्षं अवकाश होता. पण विलायतेतला चुनखडीचा दगड मऊ, त्याच्यावर पानाफुलांची बारीक नक्षी उठते. आपला कातळ तसा नाही. त्याच्यावर छन्नी मारली तर ठिणगी उडते. म्हणून दख्खनच्या गॉथिकमध्ये नक्षी कमी आणि दगड जास्त. रुबाब येतो तो जाड भिंतींनी, खोल खिडक्यांनी आणि कमानींच्या रांगेनं. मला विचाराल तर ते बरंच झालं. इमारतीनं अंगावर दागिने घातले नाहीत, त्यामुळे तिची हाडं दिसतात.

ती हाडं वाचायला आम्हाला एका सरांनी शिकवलं. ते स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवायचे. एक दिवस वर्ग सोडून त्यांनी सगळ्यांना व्हरांड्यात आणलं. सुतळीचं बंडल, खडू आणि टेप आमच्या हातात दिली आणि एका कमानीसमोर उभं केलं. खालची रुंदी मोजा, टोकापर्यंतची उंची मोजा, आणि कुठल्या बिंदूवर सुतळी धरून फिरवली तर ही कड जमिनीवर उमटेल ते शोधा. आम्ही फरशीवर गुडघे टेकून सुतळी फिरवत बसलो. पुष्कळ खडू झिजवल्यावर उमगलं की टोकदार कमानीला मध्य दोन असतात. डावी बाजू एका मध्यातून निघते, उजवी दुसऱ्यातून, आणि दोन्ही वर एकमेकींना टेकतात.

मग सर बोलायला लागले. दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. दोन खांबांवर आडवा दगड ठेवा. वरचा भार त्याला वाकवतो. वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि दगड खालून चिरतो. म्हणून दगडाची तुळई लांब टाकता येत नाही. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला रेटतो आणि भार दाबादाबानंच खाली जमिनीत जातो. ताण कुठे येऊच द्यायचा नाही, एवढंच कमानीचं शहाणपण. पण त्याची किंमत असते. कमान आपल्या पायांना बाहेर ढकलते. त्यासाठी भिंत जाड करा, नाहीतर बाहेरून दगडी टेकू द्या. अर्धगोल कमान जास्त ढकलते. टोकदार कमान उंच चढते म्हणून भार जास्त सरळ खाली नेते आणि कमी ढकलते. शिवाय अर्धगोलाची उंची रुंदीच्या निम्मीच असते. टोकदार कमानीत रुंदी वेगवेगळी ठेवूनही सगळी टोकं एका पातळीवर आणता येतात. "म्हणजे पोरांनो, हे टोक शोभेसाठी नाही. शोभा नंतर आली," असं म्हणून सरांनी हात झटकले. कोणी तरी विचारलं, "सर, हे परीक्षेला येतं का?" सर म्हणाले, "परीक्षेला येत नाही. आयुष्याला येतं." आम्ही हसलो. मुलं हसतात तसंच.

सर सिव्हिलचे आणि आम्ही मेटलर्जीचे. त्या दुपारचा माझ्या कामाशी काय संबंध, ते मामांच्या हाताखाली कळलं.

वर्कशॉपमधल्या सगळ्यांनाच आम्ही मामा म्हणायचो, पण ओतशाळेतले मामा म्हणजे खरे मामा. उंची बेताची, खाकी हाफ शर्ट, तळहात कातड्यासारखे. कॉलेजात येण्याआधी दापोडीला वर्कशॉपमध्ये मोल्डिंग केलेलं. शिक्षण सातवी. त्यांच्याकडे आम्ही पहिला साचा केला. पेटीत पॅटर्न, म्हणजे वस्तूचा नमुना, ठेवायचा, वाळू चाळून टाकायची, कुटायची, पेटी उलटायची, वरची पेटी बसवायची, धातूच्या वाटा, म्हणजे रनर आणि रायझर, काढायच्या, पॅटर्न हळूच उचलायचा. वाळूत ओल किती हवी हे पुस्तकात टक्क्यांत दिलेलं होतं. मामा मूठभर वाळू घेऊन आवळायचे आणि तो गोळा मधोमध मोडायचे. कडा चिरलेल्या विटेसारख्या साफ आल्या तर ओल बरोबर. भुगा झाला तर कमी. बोटाला चिकटली तर जास्त. "ओल जास्त झाली की वाफ होते. वाफेला वाट मिळाली नाही की ती लोखंडात घर करते. मग कास्टिंग फोडल्यावर आत भोकं."

एका दुपारी मामा मला ओतशाळेतून बाहेर घेऊन गेले आणि मुख्य इमारतीच्या भिंतीला लागून उभे राहिले. एका दगडावर बोट ठेवलं. पृष्ठभागावर मोहरीएवढ्या खळ्या होत्या. काहींच्या आत पांढरं काहीतरी चमकत होतं.

"हे काय आहे?"

"दगड झिजलाय," मी म्हणालो.

"ब्लोहोल आहे हा. हा दगड पण कधीतरी ओतलेलाच आहे की."

भूगर्भशास्त्राच्या तासाला हेच आम्हाला शिकवलं होतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, थरावर थर थिजले, थिजताना अडकलेल्या वायूचे बुडबुडे तसेच राहिले आणि त्यांत पुढे खनिजं भरली. पण ते फळ्यावरचं ज्ञान होतं. मामांनी ते बोटाखाली दिलं. मग त्यांनी मला कमानीचे दगड दाखवले. तिथे खळ्या नव्हत्या. जिथे भार, तिथे पाथरवटानं भरीव दगड निवडला होता. "बघ, त्यानं पण तपासून माल घेतला. रिजेक्शन त्या वेळी पण होतं."

मी एवढी वर्षं गुणवत्ता नियंत्रणाची प्रशिक्षणं घेतली आणि दिली, परदेशी सल्लागारांची भाषणं ऐकली. त्या वाक्यापुढे कोणी गेलेलं नाही.

आता कमान माझ्या कामाला कशी आली ते. आम्ही ज्याला बीड म्हणतो, कंपनीत ज्याला ग्रे आयर्न म्हणतात, त्याचा स्वभाव दगडासारखाच. आत ग्राफाइटचे पापुद्रे असतात. दाब आला की ते मिटून बसतात, ताण आला की तिथूनच चीर सुरू होते. म्हणून हे लोखंड ताणापेक्षा तिप्पट-चौपट दाब सोसतं. कंपनं गिळतं, स्वस्त पडतं, मशिनिंगला सोपं जातं, त्यामुळे मशीनचा बेड, इंजिनचा ब्लॉक, ब्रेक ड्रम यांत ते राहिलं. पण त्याच्या मर्जीविरुद्ध वागलात तर ते वाकून सूचना देत नाही. सरळ तुटतं.

नोकरीची काही वर्षं झाल्यावर भोसरीत दोन भागीदारांबरोबर छोटी फाउंड्री काढली. एका बड्या गिऱ्हाइकाकडून भिंतीला लावायच्या ब्रॅकेटची ऑर्डर आली. पुढे आलेल्या हातावर मोटार बसायची. ड्रॉइंग त्यांचं, पॅटर्न त्यांचा. चाचणीत ब्रॅकेट तुटायला लागले. दर वेळी एकाच जागी, भिंतीलगतच्या वरच्या कोपऱ्यात. गिऱ्हाइकाचं म्हणणं, तुमचं लोखंड खराब. आमच्या टेस्ट बारचे आकडे सांगत होते, लोखंड चोख आहे. भागीदार हवालदिल, कारण पहिलीच मोठी ऑर्डर.

तुटलेला तुकडा हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. हाताला मजबुती द्यायला काढलेली बरगडी वरच्या अंगाला होती आणि कोपरा काटकोनात, धारदार. भार खाली ओढणार म्हणजे वरचं अंग ताणात. बरगडीची वरची कड सगळ्यांत जास्त ताणात. ज्या मालाला ताण सोसत नाही, त्याच्यावर नेमका ताणच लादलेला. मी मोल्डिंगच्या मोकळ्या वाळूवर बोटानं भिंत काढली, हात काढला, आणि बरगडी वरून उचलून खाली आणली. सरळ नव्हे, वाकवलेली. कोपऱ्याला चांगला मोठा गोलवा दिला. समोर बघितलं तर सरांच्या कमानीचं अर्धं अंग वाळूत उतरलं होतं. आता बरगडी दाबात येणार होती आणि भार त्या वळणावरून भिंतीत जाणार होता.

गिऱ्हाइकाच्या डिझाइनरनं सुरुवातीला ऐकून घेतलं नाही. मग नमुने ओतून दिले, त्यांच्याच बाकावर तपासले. ते ब्रॅकेट नंतर कैक वर्षं आमच्याकडून गेले आणि त्या ऑर्डरवर आमची भट्टी तगली. कोकवरची कपोला भट्टी जाऊन इंडक्शन फर्नेस आली तीही त्याच जोरावर.

इथवरचं ऋण सरळ आहे. सरांनी शिकवलं, मामांनी शिकवलं, इमारत फळ्यासारखी समोर उभी राहिली. पण जोतिराव फुल्यांचं लेखन वाचायला घेतलं आणि हिशेबाला वेगळीच वाट फुटली.

१८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग आला. त्याच्यापुढे जोतिरावांनी निवेदन दिलं. त्यातला एक मुद्दा असा की सरकारचा मोठा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो, पण शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो आणि ज्याचे पैसे त्याच्या मुलांना प्राथमिक शाळाही धड मिळत नाही. हे लिहिणारा माणूस हवेत बोलत नव्हता. जोतिराव स्वतः सरकारी बांधकामांची कंत्राटं घेत. दगड कोण फोडतं, चुना कोण मळतं, मजुरी कोणाच्या हातात किती पडते, हे त्यांनी कामावर उभं राहून पाहिलेलं होतं.

मग मी १८६५ हे साल नीट बघितलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शहरात पैसा खेळला, शेअरबाजार पेटला. दख्खनमध्येही पैसा खेळायला लागला आणि सावकारानं शेतकऱ्याला सढळ हातानं कर्ज दिलं. १८६५ च्या वसंतात युद्ध संपलं, भाव कोसळले, १ जुलैला मुंबईचा बाजार बुडाला. आणि जेमतेम महिन्याभरानं इथे संगमावर पाया घातला गेला. कॉलेजच्या भिंती चढत गेल्या तसं खेड्यातलं कर्जही चढत गेलं. नव्या पाहणीत सारा वाढला. मे १८७५ मध्ये सुप्याला शेतकरी उठले आणि पुणे-अहमदनगरच्या गावांतून सावकारांची कर्जखतं जाळली गेली. सरकारला चौकशी करावी लागली आणि १८७९ साली शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आणावा लागला.

रेडिमनींनी देणगी दिली हे खरं, आणि त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण सरकारी तिजोरीतला मोठा वाटा शेतसाऱ्याचा होता. हवेली, मावळ, खेड, जुन्नर. म्हणजे ज्यानं कधी त्या इमारतीच्या फाटकातून आत पाऊल टाकलं नसेल, त्यानं त्या कमानीच्या दगडांचे पैसे भरले. आणि शंभर वर्षांनी त्याच माणसाच्या नातवंड-पतवंडांनी भोसरी-चिंचवडची जमीन दिली, त्या जमिनीवर माझी भट्टी पेटली. मधल्या काळात त्यांच्यापैकीच एका घरानं मला खोली दिली.

इथे आजींचं राहिलेलं सांगतो. नोकरी लागल्यावर पहिल्या काही पगारांतून मी थकलेलं भाडं बाजूला काढलं आणि पाकीट घेऊन गेलो. मनात होतं, आजी म्हणतील राहू दे रे, पोरासारखा आहेस. आजींनी पाकीट घेतलं, जुनं कॅलेंडर काढलं, फुल्या मोजल्या, नोटा मोजल्या. हिशेब जुळला. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "वाईट वाटलं व्हय? घेतले नसते तर दान झालं असतं. तू काय भिकारी हाईस?" चहा ठेवला आणि वर म्हणाल्या, "पैसं फिटलं. बाकीचं तुझं तू बघ."

ते बाकीचं म्हणजे काय, यावर मी पुष्कळ वर्षं घालवली. चाकणकडे कारखाने सरकले तेव्हा ते जरा स्पष्ट झालं. १९९९ साली बजाजचा कारखाना तिथे सुरू झाला, दहा वर्षांनी फोक्सवॅगन आली, मागोमाग महिंद्रा. आजींच्या माहेरची शिवारं एकामागून एक गेली. पैसा आला. बंगले झाले, गाड्या झाल्या, पाण्याचे टँकर आणि कामगारांच्या बस लागल्या, खोल्यांची भाडी सुरू झाली. कोणी लेबर कॉन्ट्रॅक्टर झाला, कोणी भंगाराचा ठेका घेतला. मशीनवर उभा राहिलेला, ड्रॉइंग वाचणारा, साचा समजणारा मुलगा त्या घरांत शोधावा लागतो. जमिनीचे पैसे मिळाले, पण जमिनीवर जे उभं राहिलं त्याची विद्या दुसऱ्यांकडे गेली. जोतिरावांचा मुद्दा सव्वाशे वर्षांनी वेगळे कपडे घालून समोर आला.

म्हणून मी एक शिरस्ता ठेवला आहे. फाउंड्रीत दरवर्षी शिकाऊ उमेदवार घेताना खेड आणि हवेलीतल्या, जमिनी गेलेल्या घरांतल्या मुलांना आधी विचारतो. आयटीआय झालेला असला तर उत्तम, नसला तरी चालतो. परवानगी काढून त्यांना एकदा त्या व्हरांड्यात नेतो. २०२२ पासून कॉलेजचं विद्यापीठ झालं आहे, पण कमानी त्याच आहेत. सुतळी आणि खडू मी बरोबर नेतो. रुंदी मोजायला लावतो, दोन मध्य शोधायला लावतो. भिंतीवरची मोहरीएवढी खळी दाखवतो आणि मामांचा प्रश्न विचारतो. मामांच्या वाक्यावर मुलं हसतात. हसू देत. आम्हीही सरांच्या वाक्यावर हसलो होतो.

मागच्या तुकडीत निघोज्याकडचा एक मुलगा होता. आजींच्या माहेरच्या भावकीतला निघाला, हे मागाहून कळलं. मोजून झाल्यावर त्यानं विचारलं, "सर, त्या काळी एवढं बांधायला पैसे कोणी दिले?"

"तुझ्या खापरपणजोबांनी. सारा भरत होते ते."

"आणि शिकलं कोण?"

"माझ्यासारखे."

तो थोडा वेळ कमानीकडे बघत राहिला. परतताना गाडीत मी त्याला सगळंच सांगून टाकलं. सारा, १८७५, आजींचं कॅलेंडर, भोसरीची जमीन. म्हटलं, तू मला सर म्हणतोस, कामाला लावलं म्हणून उपकार मानतोस, पण वही उघडून बघितली तर धनको तू आहेस आणि ऋणको मी.

त्यानं गंभीरपणे मान हलवली. मग म्हणाला, "तसं असंल तर स्टायपेंड वाढवा की, सर."

बरोबर होतं त्याचं. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांचा वाढवला.